लिंबोळ्या भिजवून घ्याव्यात

सोमवार, ३ ऑगस्ट

ताई,

फोन तू उचलत नाहीस. चौदा वेळा केला. पंधराव्यांदा करायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र. पत्र न उघडता परत पाठवता येतं हे मला माहीत आहे. पाकिटाच्या मागे आपला पत्ता नीट लिहिला आहे, म्हणजे परत पाठवायचं झालं तर तुला त्रास नको.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण कोणी विचारलं तर दुखत नाही म्हणते. कोणी विचारलं नाही तर विचारलं नाही म्हणून रागावते.

दोन कामांसाठी लिहितो आहे.

पहिलं काम. घरामागच्या तुकड्यात पुन्हा कोबी लावला आहे, नऊ ओळी. रोपं लावल्यापासून अठराव्या दिवशी तो पतंग दिसला, तू दाखवला होतास तो, पंख मिटले की पाठीवर चौकोनी ठिपके दिसणारा. आता अळ्या आहेत, बारीक, हिरव्या. पानाला बोट लावलं की दोऱ्याला लटकून खाली येतात. तीन ओळींवर मी भिजवलेल्या लिंबोळ्यांचा अर्क फवारतो आहे, तीन ओळींवर शिजवलेल्या लिंबोळ्यांचा, आणि तीन ओळींवर नुसतं साबणाचं पाणी. काठ्या रोवून चिंध्या बांधल्या आहेत: पांढरी, लाल, निळी. फवारणी ऊन उतरल्यावरच करतो. लिंबोळ्या यंदाच्याच आहेत, गर काढून सावलीत वाळवलेल्या.

मला विचारायचं होतं की रात्रभर म्हणजे किती तास? मी बारा धरले आहेत. आणि फडक्यातून गाळल्यावर उरलेला चोथा पुन्हा पाण्यात पिळून घ्यावा का?

दुसरं काम. आपल्या भाजी उत्पादक संघाच्या पत्त्यावर तुझ्याबद्दल एक पत्र आलं आहे. एका प्रशिक्षण केंद्राचं. भाजी पिकवणाऱ्यांना वनस्पतींचे अर्क बनवायला शिकवणारी बाई त्यांना नेमायची आहे आणि तू अर्ज केला आहेस. अर्जात तू लिहिलं आहेस की आमच्या संघातल्या अकरा जणांबरोबर तू एक हंगाम काम केलंस. केंद्राने विचारलं आहे की काम कसं झालं, आणि काही तक्रार होती का. संघाचं उत्तर पंचवीस तारखेपर्यंत पोचलं नाही तर अर्ज बाजूला ठेवतील.

संघाची पत्रं आता मी लिहितो. मार्चपासून लेखनिक मी आहे. हे तुला आईकडून कळलं असेल. अध्यक्ष काकांनी ते पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं विचारलं. आता सगळं लिहू." तेवीस तारखेला, रविवारी, बैठक आहे. तिथे मसुदा वाचायचा, सह्या घ्यायच्या आणि सोमवारी टपालात टाकायचं.

त्या पत्रात काय घडलं ते लिहावं लागेल, म्हणून मी आधी इथे सरळ लिहून पाहतो. चुकलं तर सांग.

तू एका कागदावर पेन्सिलीने दोन कृती लिहून दिल्यास. वर तंबाखूचा काढा, खाली लिंबोळीचा अर्क. मग तू नोकरीला होतीस त्या रोपवाटिकेने तुला तीन आठवड्यांसाठी दुसऱ्या गावी पाठवलं. मी त्या कागदाच्या अकरा प्रती शाईने उतरवून वाटल्या. प्रतीत होतं: 'पाच किलो कुटलेल्या लिंबोळ्या दहा लिटर पाण्यात रात्रभर शिजवून घ्याव्यात.' लोकांनी शिजवल्या. आपल्या घरीही शिजवल्या. कोबीच्या पानांची चाळण झाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बैठक झाली. तू म्हणालीस, "मी 'भिजवून' लिहिलं होतं. रात्रभर कोणी काही शिजवतं का?" काकडीवाले आबा म्हणाले, "तू लिहिलंस म्हणून शिजवलं! चुलीपुढे रात्र काढली मी. म्हातारी म्हणाली, एवढं तर लग्न झाल्यापासून मला कधी शिजवून घातलं नाहीत." लोक हसले. मग अध्यक्ष काकांनी मला विचारलं, "का रे, कागदावर होतं तसंच उतरवलंस ना?" मी म्हणालो, "होय."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुढे काही बोलली नाहीस. दोन मार्चला सकाळच्या गाडीने गेलीस.

तुझा तो मूळ कागद असता तर प्रश्नच नव्हता. तो अजून सापडलेला नाही. शोधतो आहे.

चोथ्याचं तेवढं कळव.

वेलांटी

(तू ठेवलेलं नाव संघातही सगळे वापरतात आता. खरं नाव विचारलं तर दोन-तीन जणांनाच आठवेल.)


सोमवार, १० ऑगस्ट

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्याकडे आहे असं धरतो.

प्रत्येक रंगाच्या चिंधीची दहा दहा रोपं ठरवून रोज सकाळी अळ्या मोजतो. पहिले तीन दिवस पांढऱ्या चिंधीच्या अळ्याही जिवंत होत्या. मग लक्षात आलं की त्या मेल्या नाहीत, पण खातही नाहीत. नववीत शेवटच्या बाकावर मी बसायचो तशा बसून आहेत. सातव्या दिवशी बऱ्याच काळ्या पडल्या, कात अर्धी टाकून तशाच अडकल्या. आजचे आकडे: पांढरी चौदा, लाल एकसष्ट, निळी सहासष्ट. म्हणजे शिजवलेला अर्क आणि नुसतं साबणाचं पाणी यांत फरक फारसा नाही. शिजवल्यावर लिंबोळीत काही उरत नाही. तू बैठकीत हे एका वाक्यात सांगितलं होतंस. मला सात दिवस आणि नऊ ओळी लागल्या.

संघाच्या पत्राचा मसुदा शनिवारी झाला. कार्यालय म्हणजे तेच, क्रेट रचलेली शेड, आता माझं टेबल खिडकीजवळ आहे. अध्यक्ष काका फेऱ्या मारत सांगत होते आणि मी लिहीत होतो. टेम्पोवाला क्रेटवर बसून दात कोरत होता.

"लिही. 'सदर बाईंनी दिलेल्या चुकीच्या कृतीमुळे अकरा सभासदांचं कोबीचं पीक वाया गेलं.' लिहिलंस?"

"अकरा नाही, काका. दहा. विहिरीजवळच्या मावशींचा कोबी आला होता."

"तिच्या जमिनीला ओल आहे. तिचं सोड. अकराच लिही. पुढे, 'हा निष्काळजीपणाचा कळस होता.'"

मी 'निष्काळजी' लिहिलं आणि थांबलो.

"काय रे वेलांटी, पेन अडलं की मन?"

"बहिणीबद्दल लिहायचं म्हणजे शाई आटणारच," टेम्पोवाला म्हणाला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"तसं असेल तर सांग," काका म्हणाले. ते रागावले नव्हते. "मी बाजारातून टाइप करून आणतो. तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण पत्र जाणार. उद्या ती दुसऱ्या शंभर जणांना शिकवेल, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारू नये की तुम्ही बोलला का नाहीत."

ते बदमाश नाहीत, ताई. त्यांना खरंच असं वाटतं. त्यांना तसं वाटतं ते मी 'होय' म्हणालो म्हणून.

मी वाक्य पुरं केलं. 'कळस' लिहिलं.

आता हे सांगतो. कागद सापडला. काल सापडला, फवारणी पंपाबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात, नळी जोडायच्या चित्राच्या पानात. प्रती काढताना खूण म्हणून मीच ठेवला असणार.

वर लिहिलं आहे, 'तंबाखूचा पाला पाच लिटर पाण्यात शिजवून.' खाली, 'लिंबोळ्या दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून घ्याव्यात.' मी भिंग लावून पाहिलं. कुठेही पुसट नाही. तुझा भ चांगला गाठीचा आहे, श त्याच्यापासून कोसभर लांब आहे. माझा डोळा वरच्या ओळीवरून घसरला आणि तिथला शब्द खाली घेऊन आला.

तुला वाटेल की हा सगळं तीन तीन वेळा तपासतो, मग हे कसं सुटलं? तपासलं होतं. अकराही प्रती तीनदा तपासल्या. पण पहिल्या प्रतीशी तपासल्या. मूळ कागद तोपर्यंत पुस्तकात गेला होता. त्या अकरा कागदांत एकही ऱ्हस्व दीर्घ चुकलेला नाही. वेलांटी बरोबर आहे, फक्त तिने भलतंच अक्षर धरलं आहे.

काय करावं ते कळव. बैठकीला तेरा दिवस आहेत.

वेलांटी


सोमवार, १७ ऑगस्ट

ताई,

मागच्या पत्रात 'काल सापडला' असं लिहिलं, ते खोटं आहे. त्याच्या आधीच्या पत्रातलं 'अजून सापडलेला नाही' हेही. या वेळी खरं लिहायला बसलो होतो आणि तो शब्द हातातून गेला. पत्र टाकल्यावर पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच जातो.

कागद दोन मार्चला सापडला. तू गेलीस त्या दिवशी, सकाळी सात चाळीसला. पंपाची नळी गळत होती म्हणून मी पुस्तक उघडलं. तू आणि आई तेव्हा नुकत्याच फाटकातून बाहेर पडला होतात. बॅग आईने घेतली होती, तू घेऊ देत नव्हतीस तरी. गाडी सव्वाआठची. गाडीतळ आपल्या घरापासून नऊ मिनिटं, मी नंतर घड्याळ लावून चाललो आहे. धावलो असतो तर पाच.

मी कागद हातात धरून उभा राहिलो. आठ वीसला आई परत आली. तिने मला विचारलं, "नळी झाली का?" मी म्हणालो, "वायसर बदलावा लागेल." कागद तोपर्यंत मी पुन्हा त्याच पानात ठेवला होता.

का, ते लिहितो. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष काकांनी मला बोलावून शेडची किल्ली दिली होती. म्हणाले, "अक्षर असावं तर असं. उद्यापासून लेखनिक तू." नववी नापास माणसाला कोणी खुर्ची देत नाही, ताई. माझ्याजवळ लोकांना विश्वास ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, मी उतरवलेलं बरोबर असतं ही. तो कागद दाखवला असता तर खुर्चीबरोबर तीही गेली असती. मला वाटलं, तू काय, हुशार आहेस, कुठेही निभावशील. हे वाटणं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची परवानगी घेतली आहे.

परवा विहिरीजवळची मावशी ओळी बघायला आली. कुंपणाला टेकून बराच वेळ उभी होती.

"पांढऱ्या चिंधीचा कोबी गोमटा आहे रे. लाल चिंधीला काय पाजलंस?"

"शिजवलेल्या लिंबोळ्यांचा अर्क."

"शिजवलेल्या? शिजवायच्या कशाला? ताईने भिजवायला सांगितलं होतं. अंधार पडताना घालायच्या, उजाडल्यावर गाळायच्या."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

"ती तीन आठवडे गेली होती ना, त्याच्या आधी. माझ्या ओट्यावर बसून. बादलीसुद्धा दाखवली, ही घे म्हणाली, पितळेची नको."

"पण मी तर कागद दिला होता तुम्हाला. त्यावर 'शिजवून' होतं."

मावशी कुंपणाची तार बोटाने दाबत राहिली. मग म्हणाली, "कागद डब्यात आहे. अक्षर सुरेख आहे तुझं. चित्रासारखं."

मला समजायला वेळ लागला. मी मूर्खासारखं विचारलं, "वाचला नाहीत?"

"सही येते," ती म्हणाली. "पतपेढीत, संघात, सगळीकडे सही करते. वीस वर्षं झाली. कागद आला की चष्मा विसरले म्हणते. माझ्याकडे चष्मा नाहीच."

दहा जणांनी माझा कागद वाचला आणि त्यांचा कोबी गेला. तिने वाचला नाही. लोक म्हणाले, जमिनीला ओल आहे. मीही मसुदा लिहिताना तेच ऐकून घेतलं.

मी म्हणालो, "मावशी, हे बैठकीत सांगाल?"

"नाही रे. तेवढं नको. ती सगळी माणसं मला अहो-जाहो करतात. ताईला सांग हवं तर, तिला माहीतच आहे."

तिला माहीतच आहे, हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही. म्हणजे त्या दिवशी बैठकीत तुझ्याकडे साक्षीदार होती. समोरच्या रांगेत बसली होती. तू एकदा जरी म्हणाली असतीस की मावशींना विचारा, त्यांनी काय केलं, तरी सगळं उलटलं असतं. तू तिच्याकडे नुसतं पाहिलंही नाहीस. तिचं झाकलेलं उघडं पडू नये म्हणून तू स्वतःचं नाव जाऊ दिलंस. आणि मी खुर्चीसाठी तुझं नाव जाऊ दिलं. दोघं एकाच आईची.

त्यामुळे मावशीचं नाव मी घेणार नाही. बैठकीला सहा दिवस आहेत. बोलायचं मलाच आहे. काय बोलायचं ते लिहून काढलं आहे, पाचव्यांदा. प्रत्येक वेळी ते लहान होत चाललं आहे. आता चार ओळी उरल्या आहेत.

आजचे आकडे: पांढरी सहा, लाल अठ्ठ्याहत्तर, निळी ऐंशी. लाल आणि निळी ओळ आता वाचत नाही. त्यांनाही पांढऱ्याचा अर्क द्यावा का, की मोजणी पुरी होईपर्यंत थांबावं? तू म्हणाली असतीस थांब. थांबतो.

वेलांटी


सोमवार, २४ ऑगस्ट

ताई,

पत्र गेलं. आज अकरा वाजता रजिस्टर टपालाने, आणि आणखी एक प्रत हाताने, टेम्पोवाल्याबरोबर, म्हणजे उद्या नक्की पोचेल. तिसरी प्रत या पाकिटात आहे. तिन्ही प्रती मूळ मसुद्याशी ताडून पाहिल्या, एकमेकींशी नाही.

काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

अध्यक्ष काका म्हणाले, "वेलांटी, मसुदा वाच." मी उभा राहिलो आणि मसुद्याऐवजी माझ्या चार ओळी वाचल्या. 'कृती लिहिण्यात ताईची चूक नव्हती. तिने भिजवून लिहिलं होतं. मी उतरवताना शिजवून केलं. हा तिचा कागद.' कागद टेबलावर ठेवला. 

पुढच्या रांगेने वाकून पाहिलं. मग काकडीवाले आबा म्हणाले, "म्हणजे मी ती लाकडं तुझ्या श पायी जाळली?"

"होय, आबा."

"अरे गाढवा."

"होय."

काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "पेन्सिलीने लिहिलेलं आहे. हे काल रात्री लिहून आणलं नाहीस कशावरून? बहिणीसाठी माणूस काय वाटेल ते करेल. तू सहा महिने गप्प होतास आणि आज केंद्राला पत्र जाणार म्हटल्यावर कागद उगवला."

मी नऊ ओळींचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "ओळी तुझ्या, चिंध्या तुझ्या, मोजणारा तूच. फेब्रुवारीत तू होय म्हणालास ते आम्ही खरं धरलं. आज नाही म्हणतोस. आम्ही कोणतं धरायचं?"

बरोबरच विचारत होते ते. कोणीतरी म्हणालं, मत घ्या. हात वर करायचे होते. मी मोजायला लागलो होतो की कोणाकोणाचे वर जातील.

तेव्हा मावशी उभी राहिली. मी तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"माझा कोबी आला होता," ती म्हणाली. "ओल-बिल काही नाही. मी लिंबोळ्या भिजवल्या होत्या. ताईने तोंडी सांगितलं तसं."

"पण कागद तर तुम्हालाही मिळाला होता ना, मावशी?" काकांनी विचारलं. "त्यावर शिजवून असताना तुम्ही भिजवल्या कशा?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला वाचता येत नाही. म्हणून तर माझा कोबी वाचला."

मग आबा एकदम हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ऐका! शिकून आम्ही बुडालो आणि ही तरली!" मग सगळेच हसले, आणि मी मावशीकडे पाहत होतो, ती हसते का ते. ती हसत नव्हती. पण खाली बसली नाही, उभीच राहिली, आणि हसणं थांबल्यावर म्हणाली, "आता ताईचं पत्र नीट लिहा. आणि सही करायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखवा. यापुढे प्रत्येक कागद वाचून दाखवायचा. मला चष्मा नाही."

पत्र आबांनी सांगितलं. मीच लिहिलं, कारण बाकी कोणाचं अक्षर केंद्राला लागलं नसतं. त्यात माझं नाव आहे, पूर्ण, पहिल्यांदाच संघाच्या कागदावर. 'प्रत उतरवताना झालेली चूक लेखनिकाची आहे. कृती अचूक होती. जिने ती तोंडी ऐकली तिचं पीक आलं.' शेवटचं वाक्य मावशीच्या सांगण्यावरून. अध्यक्ष काकांनी सही केली. करताना म्हणाले, "फेब्रुवारीत मी तिला दोन शब्द जास्त बोललो होतो." तेही घालू का विचारलं, तर म्हणाले, "ते माझं मी बघतो." त्यामुळे तुला त्यांचा फोन येईल. उचल. माझा उचलू नकोस पाहिजे तर.

किल्ली मी टेबलावर ठेवून आलो. ती कोणी उचलली ते पाहिलं नाही.

एक गोष्ट मी बैठकीत बोललो नाही. कागद कधी सापडला ते कोणी थेट विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. काका म्हणाले ना, सहा महिने गप्प होतास, तेव्हा ते अंदाजाने बोलले होते. मी तिथे होय म्हणायला हवं होतं. होय मी भलत्याच ठिकाणी म्हणतो.

आईने मात्र विचारलं. घरी आल्यावर, हातपाय धुवायच्या आधी. बैठकीतलं तिला मी पोचायच्या आधीच कोणीतरी सांगितलं होतं.

"कागद कुठे होता?"

"पंपाच्या पुस्तकात."

"पंपाचं पुस्तक तू कधी काढलं होतंस?"

नळीचं तिला आठवत होतं. वायसरही आठवत होता. मी सांगितलं, सात चाळीस. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "गाडी उशिरा आली होती त्या दिवशी. पावणेनऊला. मी आठलाच निघाले, कारण ती म्हणाली, जा तू, गुडघा दुखेल. तळावर ती पाऊण तास एकटी होती."

हे मला माहीत नव्हतं. मी पाच मिनिटं आणि नऊ मिनिटं एवढंच मोजत होतो.

आई त्यानंतर रागावली नाही. संध्याकाळी तिने भिजवलेल्या लिंबोळ्यांची बादली उचलून पांढऱ्या चिंधीपाशी नेली, स्वतःच गाळली, आणि उरलेल्या सहाही ओळींवर फवारली. मोजणी संपली होती, त्यामुळे मी अडवलं नाही. ती फवारताना मी पंप धरू का विचारलं. ती म्हणाली, "नको." आज सकाळीही एवढंच बोलली, चहा घेतोस का. मी म्हणालो, नको. काल तिचं नको, आज माझं नको.

केंद्राचं उत्तर तुला थेट येईल. संघाला ते कळवणार नाहीत, तशी पद्धत नसते. तू निवडली गेलीस तर आईला कळव. मला सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तुझा भाऊ